जावेच्या नावाचे सहा महिने

तारीख तीस जून, मागच्या वर्षीची. रक्कम रुपये तीन हजार फक्त, जून महिन्याचं मानधन. हजर पाच जण: आमचे साहेब, लिपिकाचं काम बघणाऱ्या मॅडम, हिशेब बघणारा मी, कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या मावशी आणि मावशींची धाकटी जाऊ.

पैसे जावेच्या खात्यात जमा झाले होते. तिनं येतानाच कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात अंगठा लावून ते काढून आणले होते. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी उभं राहून तिनं सहा नोटा मावशींच्या हातात दिल्या.

"अक्का, मोजून घे."

"तू मोजलीस न्हवं? मग झालं की."

"मोज गं. पुढच्या सा महिन्यात माझं तोंड दिसणार न्हाय तुला हितं."

"घरी भिंतीपलीकडनं रोज आवाज येतोय, तेवढा बास हाय."

मॅडम हसल्या. त्यांनी नावबदलाचा अर्ज पुढं सरकवला. जावेनं त्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि चहा घेतला. वर्षातून दोनदा, तीस जूनला आणि एकतीस डिसेंबरला, एवढाच तिचा आमच्या कार्यालयाशी संबंध.

आता हे समजून सांगायला हवं. काम बाराही महिने मावशीच करत. सकाळी नऊला येऊन दोन खोल्या आणि व्हरांडा झाडायचा, फरशी पुसायची, चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी पिंपात भरून ठेवायचं, टेबलं पुसायची आणि दुपारी एकला जायचं. पण कागदावर जुलै ते डिसेंबर मावशींचं नाव असे आणि जानेवारी ते जून जावेचं. झाडलोटीसाठी मंजूर पद नव्हतं. मानधन सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून जायचं. अशा रकमेतून एकाच माणसाला वर्षभर सलग पैसे दिले तर तो उद्या कायम नोकरीचा हक्क सांगेल, म्हणून सहा महिन्यांनी माणूस बदलावा, असा दंडक होता. माझ्या फार आधीच्या एका साहेबांना मावशींना सहा महिने घरी बसवणं जिवावर आलं. त्यांनी माणूस बदलला नाही, नाव बदललं. त्यांनी हे दयेनं केलं, एवढं मी खात्रीनं लिहू शकतो.

आमचं कार्यालय कसलं होतं तेही सांगतो. इतर सरकारी कार्यालयांनी पैसा नियमाप्रमाणे खर्च केला की नाही, पगार बरोबर बसवले की नाही, हे तपासणारं ते लहानसं पथक. मंजूर पदं आठ, भरलेली तीन. जिल्ह्यातल्या तालुक्यांना जायचं, दप्तर बघायचं, आक्षेप लिहायचे. कुणी न केलेल्या कामाचे पैसे घेतले, कुणाच्या नावावर दुसऱ्यानेच उचलले, असे आक्षेप मी स्वतः किती लिहिलेत ते मोजलेलं नाही. आणि आमच्याच व्हरांड्यात हे चालू होतं.

मी नऊ वर्षांपूर्वी बदलून आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं. झाडू एक आणि नावं दोन. मी मावशींना विचारलं.

"ही दुसरी बाई कोण?"

"माझी जाऊ की, अण्णा."

"ती कधी येते कामाला?"

"ती कशाला येतीय? काम मी करते की."

"मग पैसे तिच्या नावावर कसे?"

"नाव तिचं, हात माझे. एका नावाला बारा महिने पैसे चालत न्हाईत म्हणं तुमच्यात. पोट बारा महिने चालतंय न्हवं?"

मी रीतसर टिपणी लिहून तेव्हाच्या साहेबांपुढं ठेवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नियमानं जायचं तर बाईला आजच घरी पाठवावं लागेल आणि सहा महिन्यांनी परत बोलवावं लागेल. तुम्ही सांगता का तिला?" मी सांगायला व्हरांड्यात गेलो. मावशी ओणव्या होऊन फरशी पुसत होत्या. मी परत आत आलो आणि टिपणी मागे घेतली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नावबदलाच्या अर्जावर तपासणारा म्हणून माझी सही असायची.

पूर्वी मानधन रोखीनं मिळत असे. पावतीवर अंगठा जावेचा आणि पैसे थेट मावशींच्या हातात. मग सुधारणा झाली. मधल्या कुणी पैसे खाऊ नयेत म्हणून रक्कम ज्याची त्याच्या बँक खात्यात जाऊ लागली. चांगलीच सुधारणा ती, मी तिच्या बाजूनंच होतो. आमच्याकडे मात्र तिचा परिणाम असा झाला की सहा महिने पैसे जावेकडे जाऊन मग मावशींकडे येऊ लागले. त्यात कधी एका रुपयाचाही घोळ झाला नाही.

तर त्या तीस जूनला चहा संपता संपता साहेबांनी मॅडमना सकाळी आलेलं पत्र वाचायला सांगितलं. खर्चात कपात आणि कामकाजात सुधारणा म्हणून आसपासच्या जिल्ह्यांची पथकं पुण्याच्या पथकात मिळवली जाणार होती. आमचं कार्यालय सप्टेंबरअखेर बंद. आम्हा तिघांना दुसरीकडे सामावून घेणार होते. सगळ्यात शेवटी मानधनावरच्या लोकांविषयी एक परिच्छेद होता. ज्यांची सलग दहा वर्षं सेवा झाली असेल, त्यांना त्याच शहरातल्या दुसऱ्या कार्यालयात पूर्ण वेळ आणि कायम घ्यावं. बाकीच्यांना कमी करावं.

मॅडमनी हे मावशींना सोप्या शब्दांत सांगितलं. मावशींनी हातातली बशी खाली ठेवली.

"कायम म्हंजे? रविवारची सुट्टी बी?"

"रविवारची आणि शनिवारचीही."

"शनवारी काय करू मग घरी? नवऱ्याचं तोंड बघत बसू?"

"आणि पगार आताच्या पाचपट तरी," मॅडम म्हणाल्या.

 मावशींच्या आधी जाऊच बोलली. "अक्का, आता सायबावानी तीन पुडाचा डबा लागंल तुला. आन् मला वळख दाखवणार न्हाईस."

"आत्ता तरी कुटं दाखवते?" मावशी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांचं वय बावन्न. एकोणीस वर्षं त्या आमच्याकडं होत्या. नवरा ज्या मागाच्या कारखान्यात होता तो बंद पडून सहा वर्षं झाली होती, आणि माग चालवून चालवून त्याचे कान गेले होते. कायम होणं म्हणजे त्या घराला आठ वर्षांचा पगार आणि त्यानंतर काहीतरी पेन्शन.

त्या दोघी हसत जिना उतरल्या. मला हसू आलं नाही. नोंदी माझ्यासमोर होत्या. एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईची कागदावरची सलग सेवा कुठल्याही वर्षी सहा महिन्यांच्या वर जात नव्हती.

मी साहेबांना म्हणालो, "खरं ते लिहून पाठवू. दोन्ही नावांनी काम एकाच बाईनं केलं, असं."

साहेबांनी चष्मा काढला. ते डिसेंबरात निवृत्त होणार होते. माणूस वाईट नव्हता. आमच्यापैकी कुणाच्या घरी आजारपण निघालं की पहिला फोन त्यांचा यायचा.

"अण्णा, तुम्ही काय लिहायला सांगताय, कळतंय का? खर्च तपासणाऱ्या कार्यालयानं एकोणीस वर्षं काम न करणाऱ्या बाईच्या नावावर पैसे काढले, असं माझ्या सहीनं लिहायचं. दुसऱ्या दिवशी चौकशी लागेल. चौकशी चालू असली की माझी पेन्शन अडकणार. तुमचंही नाव त्यात येणार."

"येऊ द्या माझं."

"तुम्हाला अजून सात वर्षं नोकरी आहे, म्हणून म्हणता. माझ्या जागी बसून म्हणून बघा."

मी त्यांच्या जागी बसून बघितलं.  मग त्यांनीच एक वाट काढली. "त्या जावेनं स्वतः प्रतिज्ञापत्र करून दिलं की आपण कधी काम केलं नाही, सगळं काम मोठ्या जावेनं केलं, तर मी ते सोबत जोडतो. मग बोलणारी ती असेल, आपण फक्त पुढं पाठवणारे."

हे मला पटलं. निदान खरी गोष्ट कागदावर तरी येणार होती. मी एका ओळखीच्या वकिलाकडून पाचशेच्या मुद्रांकावर मजकूर टाइप करून घेतला आणि पुढच्या रविवारी शहराच्या पूर्व भागात मावशींच्या घरी गेलो.

चाळीतल्या शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधे एकच भिंत. शेजारच्या बोळात माग चालू होते, त्यामुळे जरा मोठ्यानंच बोलावं लागत होतं. जाऊ दारातच मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती. माझ्याशी बोलताना तिची बोटं थांबली नाहीत. मावशींनी मला खाट दिली. खाटेच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा नवरा बसला होता. जावेचा मुलगा तिशीचा, रिक्षा चालवतो. तोही आला आणि उंबऱ्यावर टेकला.

मी मजकूर वाचून दाखवला. मुलानं तो माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

"अण्णा, एक विचारतो. आईनं हे दिलं, की तिच्या खात्यात आलेले पैसे सरकार परत मागेल का?"

"मागू शकतं," मी म्हणालो.

"किती?"

मी तो आकडा सकाळीच काढला होता. खात्यात पैसे जायला लागून सात वर्षं झाली होती. पहिली चार वर्षं महिना दोन हजार, नंतरची तीन वर्षं महिना तीन हजार, दरवर्षीचे सहा महिने. "एक लाख दोन हजार," मी सांगितलं.

जावेची बोटं थांबली.

"पण ते पैसे आईनं खाल्लेच न्हाईत. सगळे मोठ्या आईला दिलेत."

"ते मला माहीत आहे. पण कागदावर ते तिनंच घेतलेत."

"म्हंजे मागतीलच?"

"मागतीलच असं नाही. मागू शकतात. न मागण्याची हमी मी देऊ शकत नाही."

मावशींचा नवरा एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं मोठ्यानं विचारलं, "काय म्हणालेत?"

"चहा घेता का म्हणालेत!" मावशी ओरडल्या.

"घेतो की," तो म्हणाला.

जावेनं सूप खाली ठेवलं आणि हात लुगड्याला पुसले. "कुटं लावायचा अंगठा, दावा. अक्का कायम होतीय तर माझं काय जातंय?"

"आई, थांब जरा," मुलगा म्हणाला.

"तू गप रे. तुला लहानपणी भात कुणी भरवला?"

"थांब म्हणतोय की मी. लाख रुपये कुटनं आणायचे? रिक्षा विकू?"

मग मावशी उठल्या. त्यांनी ते सूप उचललं आणि माझ्यापुढं धरलं. पानं, तंबाखू, दोऱ्यानं बांधलेले जुडगे.

"अण्णा, ह्या बिड्या कारखान्यात कुणाच्या नावावर जात्यात, सांगा बघू."

"हिच्या," मी म्हणालो.

"न्हाय. माझ्या. कार्ड माझं हाय, लग्नाआधीचं. हिला कार्डच मिळालं न्हाय, तवा भरती बंद झालती. मी तुमच्यात झाडू मारायला लागले तवापास्नं माझ्या कार्डावर ही वळतीय. मजुरी ही घेतीय, ते बराबर हाय. पण फंड माझ्या नावावर साठतोय. तो हिच्या बोटांचा फंड हाय. तितं नाव माझं, हात हिचे. तुमच्यात नाव हिचं, हात माझे. आमी दोघी लग्न होऊन ह्या घरात आलो तवापास्नं हे असंच हाय. नाव कुणाचं ते आमी कवा बघितलंच न्हाय. दोन्ही चुली पेटल्या की झालं."

 त्यांनी सूप परत जावेपुढं ठेवलं.

"आता हिला वसुली लावून मी कायम होऊ व्हय? आन् उद्या बिडीवाल्यांनी विचारलं, फंड कुणाचा, तर काय सांगू?"

"अक्का, माझं काय होत न्हाय गं..."

"तू गप बस, चेल्ली." चेल्ली म्हणजे तेलुगूत धाकटी बहीण. जावेला त्या तशीच हाक मारत. "तुझं काय होतंय ते अण्णांनी सांगितलं की आत्ता. अण्णा खोटं बोलत न्हाईत."

त्यांनी प्रतिज्ञापत्राची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग विचारलं, "ह्या कागदाला किती पडले?"

"पाचशे."

"परत घेत न्हाईत?"

"नाही."

"मग हे लई वाईट झालं," त्या म्हणाल्या. आपल्या नोकरीबद्दल त्यांनी तसं म्हटलं नाही.

चहा आला. तो पिणं मला जड गेलं, पण सोडणं बरं दिसलं नसतं.

घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं.  भाकरी वाढताना ती म्हणाली, "अहो, एकदा तरी 'काही होत नाही, लावा अंगठा' म्हणायचं होतं."

"आणि झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर झालं असतं. बहुतेक वेळा काही होत नाही."

"बहुतेक," मी म्हणालो. "आणि त्या एका वेळी एक लाख दोन हजार कुणी भरायचे?"

तिनं चटणीची वाटी माझ्याकडं सरकवली आणि विषय तिथंच राहिला. तिचं म्हणणं चूक होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही. पण त्या दारात पुन्हा बसायची वेळ आली तर मी दुसरं काही सांगू शकेन, असंही वाटत नाही.

साहेबांनी आणि मी मिळून प्रस्ताव पाठवला. दोन्ही नावं लिहिली आणि खाली एक ओळ घातली: "सदर दोन्ही व्यक्ती एकाच कुटुंबातील असून एकोणीस वर्षांत काम एकही दिवस बंद राहिलेले नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं तेही त्यात नव्हतं. ती ओळ वाचून वरच्या कुणाला तरी कळेल आणि तो माणुसकीनं बघेल, अशी आमची आशा. आमचा जन्म अशा ओळी वाचण्यात गेला. त्या वाचून आम्ही कधी माणुसकीनं बघितलं नाही, थेट आक्षेप लिहिला. पलीकडेही आमच्यासारखंच कुणीतरी बसलेलं असणार, हे मला माहीत असायला हवं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर आलं. एकाच व्यक्तीची सलग दहा वर्षांची सेवा सिद्ध होत नसल्यानं प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे. पत्र दीड ओळीचं होतं. त्यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मावशींना ते साहेबांनी स्वतः सांगितलं. खुर्चीवरून उठून व्हरांड्यात गेले आणि सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बरं साहेब." थोड्या वेळानं मॅडमजवळ येऊन हळूच विचारलं, "मग तीस तारखेपत्तुर यायचं न्हवं?"

"यायचं मावशी," मॅडम म्हणाल्या आणि डोळे पुसायला उठून गेल्या. मॅडमची बदली करमाळ्याला झाली होती. जाण्यायेण्यात रोजचे पाच तास जाणार आणि घरी सासरे अंथरुणावर. पण त्या दिवशी त्या रडल्या त्या करमाळ्यासाठी नव्हे.

यात आणखी एक गोष्ट झाली होती, ती सांगायची राहिली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मावशींच्या नावबदलाचा अर्ज परत आला होता. बंद होणाऱ्या कार्यालयांनी नवीन नाव दाखल करू नये, असा शेरा होता. जावेच्या नावाची मुदत जूनला संपलेली आणि मावशींचं नाव लागत नाही, म्हणून जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तिन्ही महिन्यांचं मानधन निघालंच नाही. मावशी रोज नऊला येत होत्या. एकदा साहेबांनी आणि एकदा मी खिशातून काही द्यायला बघितलं. "राहू द्या, एकदम घेते की," त्या म्हणाल्या.

तीस सप्टेंबरला आम्ही टेबलं, खुर्च्या, कपाटं मोजून ताब्यात दिली. पुण्याहून आलेला माणूस एकेका वस्तूवर खूण करत होता. झाडू, बादली, फडकी त्याच्या यादीत नव्हती. ती मावशींनीच वेळोवेळी आणलेली. सामान निघून गेल्यावर रिकाम्या खोल्यांत मावशी फरशी पुसायला लागल्या.

"मावशी, आता कशाला?" साहेब म्हणाले. "कुलूपच लावायचंय."

"म्हणून तर. कुलपाच्या आत घाण कशाला ठिवायची?"

आम्ही तिघं व्हरांड्यात उभे राहिलो, फरशी वाळेपर्यंत. ऊन होतं, ती लगेच वाळली. साहेबांनी कुलूप लावलं. मावशींनी बादलीत फडकी टाकली, झाडू काखेत धरला आणि मला म्हणाल्या, "अण्णा, तेवढं तीन महिन्याचं बघा बरं का."

ते मी बघितलं. आमच्या कार्यालयाची उरलेली बिलं शहरातल्याच दुसऱ्या एका कार्यालयाकडं गेली होती. माझी नवी जागा तिथून जवळ होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जाऊन येई. त्या टेबलावरचा लेखापाल सरळ माणूस होता. माझं ऐकून घ्यायचा, संगणकावर बघायचा आणि मान हलवायचा. दिवाळी गेली. साहेब निवृत्त झाले आणि त्यांची पेन्शन वेळेत सुरू झाली. मावशींना दिवसभराचं काम कुठं मिळालं नाही. सकाळी दोन घरची भांडी आणि मग जावेसमोर बसून त्याही बिड्या वळू लागल्या. पण एका कार्डावर ठरावीकच बिड्या घेतात, त्यामुळं आधीचीच मजुरी आता दोघींत वाटली जात होती.

जानेवारीच्या शेवटी लेखापालानं मला बोलावून घेतलं.

"तुमचं बिल निघेल, पण मावशींच्या नावावर नाही. मुदत संपली असली तरी संगणकात या कामासाठी शेवटचं नाव जावेचंच आहे. त्याच नावावर देता येईल. नाहीतर मार्चअखेर रक्कम परत जाईल, आणि मग ती मिळणं कठीण."

मी संगणकावरचं ते नाव वाचलं.

"घरातलीच बाई आहे ना?" त्यानं विचारलं.

"घरातलीच आहे."

"मग अडचण काय?"

मी मावशींना विचारून सांगतो म्हणालो. संध्याकाळी गेलो. दोघी एकाच सुपाशी बसल्या होत्या.

"टाका की तिच्या नावावर," मावशी म्हणाल्या. "ती कुटं पळून चाललीय?"

"गुडघं धरल्यात माझं," जाऊ म्हणाली. "पळायचं म्हटलं तरी रिक्षा लागंल."

त्या तीन महिन्यांचं काम जावेनं केलं, असं प्रमाणपत्र लागणार होतं. साहेब निवृत्त झालेले, मॅडम करमाळ्याला, म्हणून ते मीच दिलं. एवढी वर्षं नावबदलाच्या अर्जांवर मी सह्या केल्या होत्या, पण अमुक बाईनं काम केलं असं स्वतःच्या हातानं लिहायची वेळ तोवर आली नव्हती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचं मानधन, रुपये नऊ हजार, जावेच्या खात्यात जमा झालं. तिच्या बिडीच्या मजुरीत घट झाल्यापासून महिला गटाच्या कर्जाचे तिचे दोन हप्ते थकले होते आणि ते कर्ज त्याच खात्याला जोडलेलं होतं. रक्कम जमा झाली त्याच दुपारी बँकेनं त्यातले पाच हजार आठशे रुपये थकबाकीपोटी वळते करून घेतले. जाऊ दोनदा बँकेत जाऊन आली, तिसऱ्यांदा मीही बरोबर गेलो. व्यवस्थापकांनी करारातलं कलम दाखवलं आणि ते बरोबर होतं. उरलेले तीन हजार दोनशे जावेनं मावशींना दिले. मावशींनी त्यातले दोनशे तिला परत केले आणि तीन हजार ठेवून घेतले.